चिनी नक्षी, विलायती कथा

गृहसजावटीची कोणतीही मासिके चाळली, तर एक चित्र वारंवार समोर येते. फिकट हिरव्या वा आकाशी भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेली फुलझाडे, फांद्यांवर शेपट्या पसरून बसलेले पक्षी, मध्येच एखादा पूल नि बांबूचे बेट. खाली काळ्या रोगणाचे कपाट आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या बरण्यांची जोडी. मुंबई-पुण्याच्या नव्या सदनिकांतही हा थाट आता अपरिचित राहिलेला नाही. सजावटकार त्याला 'चायनीज टच' म्हणतात. युरोपच्या कलेतिहासात या शैलीला जे फ्रेंच नाव आहे, ते 'शिन्वाझरी'. फ्रेंच बोलीत याच शब्दाचा दुसरा अर्थ 'विनाकारण वाढवलेली किचकट भानगड' असा आहे. सरकारी कचेरीतल्या लाल फितीलाही तोच शब्द चालतो. एका देशाचे नाव भिंतीवर चढते आणि त्याच वेळी थट्टेचा विषय होते, हा योग आम्हांला पुरेसा बोलका वाटतो.

या शैलीतले चिनी किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला की नक्षीचे टाके उसवू लागतात.

वस्तूला नाव तिच्या जन्मस्थानावरून मिळते अशी आपली समजूत असते. संस्कृतातले 'चीनांशुक' आठवावे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस दुष्यंताच्या मागे रेंगाळणाऱ्या मनासाठी कालिदासाने वाऱ्याविरुद्ध नेलेल्या ध्वजाच्या चीनांशुकाची उपमा योजली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही 'चीनपट्ट' येतो. आपली 'चिनी माती' याच वळणाची. परंतु पुष्कळदा नाव वस्तूचे गाव सांगत नाही, ती कोणत्या वाटेने आली ते सांगते. चीनमध्ये बनलेले रोगणकामाचे मोठे घडीचे पडदे युरोपात 'कोरोमांडेल' या नावाने विकले गेले, कारण ते आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, चोलमंडलाच्या बंदरांतून जहाजावर चढत. इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या भिंतींवर लागणारा हाताने रंगवलेला चिनी कागद अठराव्या शतकात 'इंडिया पेपर' म्हणून ओळखला जाई, कारण तो ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून येई. ज्याला आज आपण डोळे मिटून 'चिनी' म्हणतो त्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची कुळकथाही अशीच आहे. चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, ही भांडी भरभराटीला आली ती इराणकडून आणलेल्या कोबाल्टच्या जोरावर, आणि त्यांतली मोठी थाळी-परातीसारखी भांडी पश्चिम आशियातल्या पंक्तींसाठी घडवलेली होती. म्हणजे चिनी नक्षीचा सर्वांत 'चिनी' रंगच मुळात बाहेरचा, आणि तिचे पहिले मोठे गिऱ्हाईकही बाहेरचे.

या भांड्यांचे मुख्य गाव जिंगदेजन. फ्रांस्वा दांत्रकोल नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ साली तिथून लिहिलेली दोन पत्रे प्रसिद्ध आहेत. एक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर कामगारांच्या हातांखालून जाते, असे त्याने नोंदवले आहे. रेषा काढणारा निराळा, रंग भरणारा निराळा. साहित्याच्या वर्गात आपण 'कर्ता' या संकल्पनेवर तासन्‌तास बोलतो. या बशीचा कर्ता कोण, हे एकदा विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. कारण सत्तर हातांखेरीज आणखी एक हात तिथे असे, तो म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकाचा. युरोपीय व्यापारी लाकडी नमुने आणि रेखाचित्रे पाठवत. तिकडच्या टेबलाला शोभतील अशी, चिनी घरात कधीही लागली नसती अशी भांडी मागवत. भिंतीच्या कागदाचे तर याहून विलक्षण. फुलापाखरांनी भरलेले ते कागद कँटनच्या कारागिरांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठीच रंगवले. चिनी घराच्या भिंतीला असे चित्र चिकटवण्याची तिथे रीत नव्हती. युरोपीय घरातली 'चिनी खोली' चीनमध्ये नव्हतीच.

चिनी घरातली नक्षी मात्र केवळ शोभेची नसे, ती वाचायची असे. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे शब्द विपुल, आणि त्या भांडवलावर तिथल्या कारागिराने चित्रांतून श्लेष साधला. वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्हींचा उच्चार 'फू'. म्हणून बशीवर पाच वटवाघळे रंगवली की पाच सुखांचा आशीर्वाद होतो. मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे शिलकीची समृद्धी. फुलदाणीचा 'पिंग' शांततेच्या 'पिंग'शी जुळतो. आपल्याकडे मात्र वटवाघूळ पडक्या वाड्याचे, युरोपात अंधाराचे. श्लेषाचे भाषांतर होत नाही हे आपण पंडिती काव्य शिकवताना नेहमी सांगतो. इथे ते नक्षीच्या बाबतीत घडले. समुद्र ओलांडताना उच्चार गळून पडला आणि आकार तेवढा उरला. अर्थापासून सुटलेला आकार कुणालाही हवा तसा वाकवता येतो, आणि शिन्वाझरीची सारी मौज या सुटकेतून आली आहे, हेही मान्य करायला हवे.

ही मौज राजांनी आधी केली. चौदाव्या लुईने १६७०च्या सुमारास व्हर्सायच्या आवारात मादाम द मोंतेस्पांसाठी 'त्रियानों द पोर्सलेन' बांधवून घेतले. नावात पोर्सलीन असले तरी बाहेरून जडवलेल्या त्या निळ्या-पांढऱ्या फरशा युरोपीय मातीच्या होत्या. थंडी-पावसात त्या टिकेनात, आणि १६८७ साली सगळी वास्तूच पाडावी लागली. खऱ्या पोर्सलीनचे गुपित युरोपला साधले ते त्यानंतर, १७१०मध्ये निघालेल्या माइसनच्या कारखान्यात. इंग्लंडात विल्यम चेंबर्स हा एक अपवाद म्हणावा असा वास्तुविशारद. तो स्वीडिश कंपनीच्या जहाजातून खरोखरच कँटनला जाऊन आला होता. त्याने १७५७ साली चिनी इमारती, सामानसुमान आणि वेशभूषा यांवर सचित्र ग्रंथ काढला. पण लंडनजवळ क्यू उद्यानात १७६२मध्ये त्याने उभारलेला पगोडा दहा मजल्यांचा आहे. चिनी रिवाजात मजल्यांची संख्या विषम असते. पाहून आलेल्याची ही तऱ्हा, मग न पाहिलेल्यांचे काय सांगावे!

ऑलिव्हर गोल्डस्मिथने या वेडाची जी टर उडवली तिला तोड नाही. 'द सिटिझन ऑफ द वर्ल्ड' (१७६२) या त्याच्या पत्रमालेत लंडनला आलेला एक चिनी तत्त्वज्ञ एका प्रतिष्ठित बाईंच्या घरी जातो. बाई त्याला आपला चिनी संग्रह नि बागेतले चिनी देऊळ कौतुकाने दाखवतात. त्याला त्यात ओळखीचे काही सापडत नाही. उलट बाईंनाच त्याचे वागणे पुरेसे चिनी वाटत नाही. प्रसंग मार्मिक आहे. मात्र तो तत्त्वज्ञही एका आयरिश लेखकाने लंडनमध्ये बसून घडवलेलाच. तोही एका अर्थी त्या बाईंच्या फडताळातली वस्तू. आमच्या मते गोल्डस्मिथला हे पुरते ठाऊक होते.

ब्रायटनच्या राजवाड्याचाही उल्लेख इथे करायला हवा. जॉन नॅशने १८१५ ते १८२२ या काळात त्याला जे रूप दिले, त्यात बाहेरून हिंदुस्थानी घुमट आणि आत चिनी अजगर. ज्याच्यासाठी हे केले त्या चौथ्या जॉर्जने दोन्ही देश पाहिले नव्हते. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या डिसेंबरपासून सुमारे वर्षभर, हा वाडा जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होता; लाल-सोनेरी चिनी देखाव्यांच्या संगीतदालनात त्यांच्या खाटा मांडल्या होत्या.

पण राजवाड्यांपेक्षा आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते ती एक स्वस्त बशी. 'विलो पॅटर्न' या नावाची ही नक्षी आजही ताटल्यांवर, पडद्यांवर, उशांच्या अभ्ऱ्यांवर मिळते. मध्ये विलोचे, म्हणजे वाळुंजाच्या जातीचे झुकलेले झाड; डावीकडे पूल आणि त्यावर तीन माणसे; उजवीकडे दुमजली घर, पुढे नागमोडी कुंपण; तळ्यात नाव; वर आकाशात दोन पक्षी. ही नक्षी इंग्लंडात १७९०च्या सुमारास तयार झाली. चिनी भांड्यांवरचे निरनिराळे तुकडे जुळवून ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. पत्र्यावरचा निळा रंग पातळ कागदावर उतरवायचा, कागद भाजलेल्या बशीवर दाबायचा, वर झिलई देऊन पुन्हा भाजायचे. या छापपद्धतीने एकच चित्र हजारो बश्यांवर जाऊ लागले. जोसाया स्पोडचा कारखाना यात अग्रेसर होता. जिंगदेजनच्या सत्तर हातांची जागा एका पत्र्याने घेतली आणि जे सरदारांच्या कपाटात होते ते कारकुनाच्या जेवणाच्या टेबलावर आले.

आता या बशीची कथा. मांदारिनाची कन्या कूंग-से, तिच्या बापाचा गरीब चिटणीस चांग, त्यांचे प्रेम, बापाने ठरवलेला धनाढ्य वर, प्रेमिकांचे पलायन. पुलावर पुढे मुलगी, मागे रत्नांची पेटी घेतलेला चांग आणि त्याच्या मागे चाबूक घेतलेला बाप. अखेर दोघांचा अंत होतो आणि देव त्यांना पक्षी करून आकाशात पाठवतात. कैक पिढ्यांतल्या इंग्रज मुलांनी जेवता जेवता ही 'प्राचीन चिनी दंतकथा' बशीवर बोट फिरवीत ऐकली. पण ही कथा चीनची नाही. लंडनच्या 'द फॅमिली फ्रेंड' या नियतकालिकात ती १८४९ साली छापून आली, म्हणजे नक्षी बाजारात येऊन अर्धशतक उलटल्यावर. चित्र आधी आले, त्याला पुरेशी कथा मागाहून बेतली गेली, आणि मग ती कथाच चित्राचे मूळ ठरली. लोककथेचा उगम शोधायला निघणाऱ्या संशोधकाने हे उदाहरण खिशात बाळगावे. पुढे जपानी कारखान्यांनीही ही इंग्रजी नक्षी निर्यातीसाठी छापली.

१८४९ या सालाकडे जरा थांबून पाहू. त्याआधी सातच वर्षांपूर्वी, १८४२मध्ये, पहिले अफूचे युद्ध संपून नानजिंगचा तह झाला होता. हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले होते आणि पाच बंदरे व्यापाराला खुली करणे चीनला भाग पडले होते. इंग्रज घरांत चहाच्या पेल्याखाली ही बशी होती. त्या चहाचे मोल चांदीत मोजणे कंपनीला जड जाऊ लागले तेव्हा हिंदुस्थानातली अफू पुढे आली, आणि चीनने ती अडवली तेव्हा तोफा आल्या. बशीवरचा चीन मात्र तसाच राहिला: प्रेमात पडणारा, पुलावरून धावणारा, शतकानुशतके न बदललेला.

अशा ठिकाणी आमच्या वर्गांतून एडवर्ड सैद यांचे नाव लगेच निघते. 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) हा ग्रंथ आम्हीही शिकवतो. पण सरसकट लावलेल्या या सूत्रात जिंगदेजनचा आणि कँटनचा कारागीर नाहीसा होतो, ही आमची तक्रार आहे. परक्याच्या कल्पनेतला चीन त्याने ओळखला, त्याचा धंदा केला, आणि दीडएकशे वर्षे युरोपची चांदी आपल्या गावी आणली. त्याला केवळ बळी म्हणणे हा त्याच्या कसबाचा अपमान होईल. हॉलंडकडे निघालेले गेल्डरमाल्सेन हे जहाज १७५२च्या जानेवारीत बुडाले. १९८५ साली त्याच्या पोटातून लाखाहून अधिक भांडी वर आली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला लिलावात विकली गेली. वरचा मौल्यवान माल चहाचा होता; पाण्याने न बिघडणारी भांडी खाली रचलेली. चहा गेला, भांडी टिकली. सत्तेचे पारडे झुकले ते त्यानंतर आणि अफूमुळे. नक्षीच्या इतिहासात हे दोन कालखंड वेगळे ठेवले नाहीत तर हाती घोषणाच उरतात.

अफूचे नाव निघाले की मुंबईपाशी यावेच लागते. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जाई. जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांची संपत्ती कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून उभी राहिली, आणि तिच्यातल्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली ती आपली जे. जे. कलाशाळा. मराठी चित्रकलेच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात कँटनचा उल्लेख असायला हवा, असे आम्हांला वाटते.

परतीच्या जहाजांतून पारशी घरांत चिनी बरण्या आल्या, तसा गाराही आला: गडद रेशमावर कँटनच्या भरतकाराने केलेले फुलापक्ष्यांचे काम. (गोव्यातही मकाववरून आलेली भांडी चांदरच्या मिनेझिश ब्रागांझांसारख्या घराण्यांच्या दालनांत अजून दिसतात, पण ती पोर्तुगीज वाट निराळी.) गाऱ्यावर पगोडा, पूल आणि माणसे असली की ती नक्षी 'चिना-चिनी'. गोल ठिपके म्हणजे 'कांदा-पापेटा', म्हणजे कांदे-बटाटे. एका नक्षीला 'करोळिया', म्हणजे कोळी म्हणतात; मूळचे ते फूल. इथेही श्लेष हरवला होता, पण त्या बायकांनी प्राचीन चीनची कथा रचली नाही. आपल्या स्वयंपाकघरात नि माळ्यावर जे दिसे त्याचे नाव दिले. इंग्रजी बशीच्या कथेपेक्षा हे वाचन आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात ते नेसणाऱ्याचे वाचन होते, विकणाऱ्याचे नव्हे.

आता तोच गारा साडीवरून उतरून पडद्यांवर, उशांच्या अभ्ऱ्यांवर आणि भिंतीच्या छापील कागदावर आला आहे. भरताच्या टाक्याची जागा छपाईयंत्राने घेतली आहे, आणि विक्रीच्या यादीत त्याला 'चिनी' कुणी म्हणत नाही. तिथे तो 'पारशी नक्षी' म्हणून नोंदलेला असतो.