उशिराचा प्रतिदावा (घटस्फोट-प्रकरणांतील)

घटस्फोटाच्या अर्जावर कैफियत दिल्यानंतर जाबदाराने त्याच प्रकरणात स्वतःच्या दादेसाठी मांडलेली मागणी. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये प्रतिदाव्याची सोय मुळात नव्हती. १९७६ च्या सुधारणेने कलम २३-अ आले. अर्जदाराचा व्यभिचार, क्रूरता किंवा त्याग दाखवून जाबदाराला अर्जाला विरोध करता येतो, तसेच त्याच कारणावर स्वतःसाठी घटस्फोट किंवा न्यायिक विभक्तता मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ८, नियम ६-अ हाही १९७६ च्याच दुरुस्तीचा; तो १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू आहे. प्रतिदावा कधीपर्यंत करावा, हे २३-अ सांगत नाही. ६-अ फक्त दाव्याचे कारण कैफियतीपूर्वी, किंवा तिची मुदत संपण्यापूर्वी, घडलेले असावे एवढेच म्हणतो. वाद या मोकळ्या जागेत आहे.

कालमर्यादा : अशोककुमार कालरा विरुद्ध विंग कमांडर सुरेंद्र अग्निहोत्री या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने १९ नोव्हेंबर २०१९ रोजी ठरवले, की कैफियतीनंतरही प्रतिदावा घेता येतो, मात्र वादमुद्दे निश्चित होईपर्यंतच; उशिराचे कारण, दोन्ही मागण्यांतील साम्य, नव्या दाव्याचा खर्च आणि समोरच्याचे नुकसान न्यायालयाने तोलावे. न्या. शांतनगौदर यांनी स्वतंत्र मतात अपवादात्मक प्रसंगी पुरावा सुरू होईपर्यंतची सवड ठेवली. हा खटला मालमत्तेचा होता, हे वैवाहिक प्रकरणात तो वाचताना अनेकदा विसरले जाते. मालमत्तेच्या प्रतिदाव्यात विलंबाने मुदत संपू शकते आणि समोरच्याला मिळालेला हक्क हिरावला जाऊ शकतो. विवाहविषयक कार्यवाहीला मुदत अधिनियम, १९६३ त्याच्या कलम २९(३) मुळे सहसा लागूच होत नाही. तेथे विलंबाची कसोटी विवाह कायद्याच्या कलम २३(१)(ड) मध्ये आहे : अर्ज आणण्यात अनावश्यक वा अनुचित विलंब झालेला नसावा. ही कसोटी हुकूमनामा देतानाची, म्हणजे पुरावा ऐकून झाल्यावरची. म्हणून घटस्फोटात प्रतिदाव्याला दारातच अडवण्यासाठी ‘फार उशीर झाला’ एवढे कारण पुरू नये. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हेच पाहावे.

यावर आक्षेप असा, की हरत आलेला पक्ष प्रतिदाव्याच्या नावाने तारखा वाढवतो. असे होते, यात शंका नाही. पण नकाराने वेळ वाचतोच असे नाही. समजा, साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथे माहेरी राहणाऱ्या स्त्रीविरुद्ध पतीने पुण्यात अर्ज केला आणि तिचा प्रतिदावा नाकारला गेला. कलम १९ मधील २००३ च्या दुरुस्तीमुळे ती आपल्या राहत्या ठिकाणच्या, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या, सक्षम न्यायालयात स्वतंत्र अर्ज करू शकते. मात्र कलम २१-अ प्रमाणे घटस्फोटाचा किंवा विभक्ततेचा नंतरचा अर्ज आधीच्या न्यायालयाकडे वर्ग होऊन दोन्ही एकत्रच ऐकले जातात. पुणे चुकत नाही. नवा अर्ज, नवी नोटीस आणि तेच साक्षीदार एवढे वाढते. दोन्ही तक्रारी एकाच न्यायाधीशापुढे याव्यात हे विधिमंडळानेच ठरवले असताना प्रतिदाव्याचा रस्ता बंद करून तेथेच वळसा घालून पोहोचवण्यात शहाणपण दिसत नाही. चालढकल दिसली तर खर्च लादावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कैफियतीनंतर घडलेल्या घटनेवर प्रतिदावा उभा राहत नाही. त्याग हे कारण असेल तर अर्जापूर्वी लागोपाठ दोन वर्षे भरावी लागतात. ती कैफियतीनंतर भरली, तर नुसता विलंब माफ करून भागत नाही. तेथे स्वतंत्र अर्जच हवा आणि प्रस्तुत युक्तिवादही तेथे थांबतो.

उपयोग : प्रतिदाव्याचे खरे मोल नियम ६-ड मध्ये आहे. मूळ अर्ज मागे घेतला गेला किंवा फेटाळला गेला, तरी प्रतिदावा चालू राहतो. नुसती कैफियत देणाऱ्या पत्नीला क्रूरता सिद्ध करूनही हाती फक्त ‘पतीचा अर्ज नामंजूर’ एवढा निकाल येतो. लग्न कायमच राहते. पुरावा आपल्या विरोधात जातो आहे असे दिसताच पतीने अर्ज काढून घेतला, तर तेवढेही नाही.

मर्यादा : तिसऱ्या व्यक्तीविरुद्ध २३-अ खाली दाद नाही. गुजरातमधून आलेल्या प्रकरणात पतीचा कथित दुसरा विवाह रद्दबातल ठरवण्याची पत्नीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या कारणाने प्रतिदाव्यात बसवली नाही.

पोटगी : कलमे २४ व २५. प्रतिदावा लागत नाही, अर्ज पुरतो.

इतर कायदे : विशेष विवाह अधिनियम, १९५४, कलम ३५, पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६, कलम ३७.