केर्गेलेन कोबी

केर्गेलेन कोबी : (प्रिंगलिया अँटिस्कॉर्ब्युटिका, कुल – ब्रॅसिकेसी). मोहरी कुलातील बहुवर्षायू रानटी वनस्पती. प्रिंगलिया या प्रजातीत ही एकच जाती आहे. दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन, क्रोझे, प्रिन्स एडवर्ड आणि हर्ड या बेटांखेरीज ती निसर्गतः कोठेही आढळत नाही. केर्गेलेन बेटे मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, ४९° दक्षिण अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. तेथे झाडे नाहीत, उन्हाळाही गार असतो आणि पश्चिमेचा सोसाट्याचा वारा बारा महिने वाहतो.

खोड जाड, जमिनीसरपट. टोकाशी मांसल, चमच्याच्या आकाराच्या पानांचा मोठा गुच्छ. बाहेरची पाने पसरट, मधली फिकट व एकमेकांवर मिटलेली असल्याने लांबून कोबीच्या गड्ड्याचा भास होतो. पानांत फिकट पिवळे, झणझणीत तेल असते. चव मोहरी-अहाळिवाच्या वळणाची. फुलोरे मधल्या कोंबातून न येता पानांच्या बगलेतून निघतात, त्यामुळे एकदा फुलून गड्डा संपत नाही.

या वनस्पतीचे खरे वेगळेपण फुलात आहे. मोहरीच्या फुलाच्या चार पिवळ्या पाकळ्या कीटकांना दुरूनही दिसतात. येथे पाकळ्या इवल्याशा असतात, पुष्कळदा नसतातच. परागकोश फुलाबाहेर लोंबतात आणि किंजल्कावर लांब केसांसारखे तंतू असतात. वाऱ्यावर आलेले परागकण त्यांत अडकतात. मोहरी कुलात वायुपरागण फार विरळ. या बेटांवर उडणाऱ्या मूळच्या कीटकांची वानवा आहे. उडणारा जीव समुद्रात फेकला जाईल अशा या ठिकाणी माश्यासुद्धा बिनपंखांच्या. त्यांपैकी कॅलिकॉप्टेरिक्स मोझलेयी ही माशी याच कोबीच्या पानांच्या बेचक्यांत राहते. वाऱ्याखेरीज स्वतःच्या परागांवरही ही वनस्पती बी धरते. तिचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेत असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसते.

डिसेंबर १७७६ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘रेझोल्यूशन’ जहाज केर्गेलेनला थांबले, तेव्हा जहाजाचे शल्यवैद्य विल्यम अँडरसन यांनी ही वनस्पती टिपली. ताज्या भाजीअभावी खलाशांना जडणाऱ्या स्कर्व्ही रोगावरील उपायांत रस घेणारे रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष सर जॉन प्रिंगल यांचे नाव त्यांनी तिला दिले. अँडरसन १७७८ मध्ये सफरीतच वारले. शास्त्रीय वर्णन पुढे जोसेफ डाल्टन हुकर यांनी प्रसिद्ध केले. जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेबरोबर हुकर १८४० मध्ये, ऐन हिवाळ्यात, येथे आले होते. जहाजांवर ही भाजी खारवलेल्या मांसाबरोबर आणि वाटाण्याच्या सुपात शिजवली जाई. सुमारे १३० दिवस खलाशांना दुसरी ताजी भाजी लागली नाही, असे हुकर यांनी नोंदवले आहे. महिनोन्‌महिने खारे मांस आणि सुकी बिस्किटे खाऊन हिरड्या सुजलेल्या माणसांना या ओसाड किनाऱ्यावरचा हिरवा पाला केवढा आधार वाटला असेल! पुढे सील व देवमाशांच्या शिकारीसाठी येणाऱ्यांनीही तो खाल्ला.

ज्या जहाजांना या कोबीने जगवले, त्यांनीच तिचा वैरी आणला. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी १८७४ मध्ये आलेल्या ब्रिटिश तुकडीने केर्गेलेनवर ससे सोडले. मूळचा एकही चरणारा सस्तन प्राणी नसलेल्या बेटावर या वनस्पतीजवळ ना काटे होते, ना सशांना रोखील असा दुसरा बचाव. पानातले तिखट तेलही कामी आले नाही. मुख्य बेटाच्या मोठ्या भागातून ती नाहीशी झाली; ससे न पोहोचलेल्या लहान बेटांवर आणि तुटलेल्या कड्यांवर ती उरली. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला मेरिझोडस हा भुंगेरा तिच्या आश्रयाने जगणाऱ्या बिनपंखी माश्यांना खातो.

केर्गेलेनच्या मोर्बियाँ आखातातील काही बेटांवरून १९९० च्या दशकात ससे हटवण्यात आले. सशांचा जाच गेला, पण त्याच सुमारास उन्हाळे कोरडे होऊ लागले. ओल्या जमिनीची सवय असलेल्या केर्गेलेन कोबीला ही कोरड सोसत नाही. मोकळ्या झालेल्या जमिनीवर बाहेरून आलेली तणे वेगाने पसरली. केर्गेलेन व क्रोझे २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.