आचाओचे चर्च (सांता मारिया दे लोरेतो)

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या लोस लागोस विभागात, चिलोए द्वीपसमूहातील किंचाओ बेटावर आचाओ या गावी असलेले संपूर्ण लाकडी कॅथलिक चर्च. द्वीपसमूहातील आज उभ्या असलेल्या चर्चांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. जेझुइट (येशूसंघीय) धर्मप्रसारकांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते उभारले गेले.

जेझुइट चिलोएत १६०८ मध्ये आले. वस्त्या विखुरलेल्या आणि पाद्री मोजकेच, त्यामुळे ‘फिरते मिशन’ ही पद्धत रूढ झाली. कास्त्रो येथून निघालेले पाद्री दरवर्षी ‘दाल्का’ नावाच्या, फळ्या शिवून केलेल्या होड्यांतून बेटोबेटी जात आणि प्रत्येक ठिकाणी थोडेच दिवस राहत. उरलेले वर्षभर चर्चची देखभाल व प्रार्थना ‘फिस्काल’ या नावाने ओळखला जाणारा स्थानिक गृहस्थ सांभाळी. १७६७ मध्ये स्पॅनिश राजाज्ञेने जेझुइटांची हकालपट्टी झाली व त्यांची जागा पुढे फ्रान्सिस्कन संघाने घेतली. तरीही परंपरा खंडित झाली नाही, याचे मोठे श्रेय या फिस्कालांनाच द्यावे लागते.

इमारत दगडी पायावर, जमिनीच्या ओलीपासून उचलून बांधलेली आहे. दर्शनी बाजूस कमानींची ओसरी व तिच्यावर मनोरा, आत लांबट सभागृहाचे स्तंभरांगांनी पाडलेले तीन भाग आणि मधल्या भागावर अर्धगोल लाकडी छत अशी तिची रचना आहे. एका लाकडातील खाचेत दुसऱ्याचे टोक बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकायची, ही जोडणी बेटावरील सुतारांच्या हातात होड्या बांधण्यामुळे मुरलेली होती; मूळ बांधणीत म्हणूनच लोखंडी खिळ्यांची गरज पडली नाही. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वास्तूच्या अंतर्भागात मात्र बरोक शैलीचे (वळणदार, अलंकारप्रचुर) कोरीवकाम आहे. आराखडा युरोपीय असला, तरी तो लाकडात उतरविणारे कौशल्य स्थानिक होते, आणि वास्तूचे वेगळेपण तेथेच आहे.

बांधकामात सायप्रस व आलेर्से ही सूचिपर्णी लाकडे प्रामुख्याने वापरली आहेत. आलेर्से वृक्ष तीन हजार वर्षांहूनही अधिक जगतो. त्याचे लाकूड पावसात सहसा कुजत नाही व सरळ चिरले जाते, त्यामुळे त्याच्या पातळ, कौलांसारख्या फळ्यांनी चिलोएतील भिंती व छपरे मढवितात. एके काळी या फळ्या तेथे चलन म्हणूनही चालत. जिवंत आलेर्से तोडण्यास १९७६ पासून बंदी असल्याने दुरुस्तीसाठी लाकूड मिळविणे कठीण झाले आहे. तथापि कुजलेला भाग काढून त्याच जातीच्या लाकडाचा नवा बसविणे हीच अशा वास्तूंच्या जतनाची खरी रीत असून अनेक पिढ्यांच्या अशा डागडुजीमुळेच त्या टिकल्या आहेत.

चिली शासनाने १९५१ मध्ये या चर्चला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००० मध्ये समाविष्ट झालेल्या चिलोएच्या चर्चसमूहात त्याचा अंतर्भाव असून या समूहात एकूण सोळा चर्च आहेत. याच बेटावरील व्हिया किंचाओ येथील चर्च त्यांपैकी सर्वांत मोठे होय.

किंचाओ तालुक्याची लोकसंख्या ८,९७६ (२००२). मासेमारी, सामन मासे व शिंपल्यांचे संवर्धन आणि बटाट्याची शेती हे मुख्य व्यवसाय. मुख्य बेटावरील दाल्काउए येथून फेरीबोटीने येता येते.