बँड फुटला, दोघे निघाले

टिटवाळा म्हटलं की आधी महागणपती आठवतो. मंगळवारची गर्दी, अंगारकीची लांबच लांब रांग आणि कॅसेटच्या जमान्यात प्रत्येक उत्सवात वाजणारा प्रल्हाद शिंदे यांचा आवाज. शिंदे कुटुंब राहायचं कल्याणला, म्हणजे इथून तिसऱ्या स्टेशनवर. गाणारा आणि ऐकणारा एकाच लाइनवरचे, एकाच भाषेतले. त्या गाण्यांना घरोघरी पोचायला टीव्हीची गरज पडली नाही.

याच लाइनवरून आणखी एक संगीत प्रवास करत होतं. त्याचं देऊळ होतं धोबीतलावला. सेंट झेवियर्स कॉलेजजवळच्या रंगभवनात 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला हा मेळा ऑगस्टच्या ऐन पावसाळ्यात, आणि रंगभवन तर उघडं नाट्यगृह! पोरं भिजत उभी राहायची. दूरच्या उपनगरांतून आलेल्यांना आणखी एक भान ठेवावं लागे, ते घड्याळाचं. तिथून व्ही.टी. चालत गाठता येत होतं, पण टिटवाळा सुमारे 64 किलोमीटरवर. कसारा लाइनच्या गाड्या मोजक्या. शेवटची चुकली की रात्र फलाटावर.

या पिढीचा सर्वांत मोठा बँड 'रॉक मशीन'. 1984 साली मुंबईत उभा राहिला. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर. पुढे झुबिन बलापोरिया कीबोर्डवर आला आणि उदय बेनेगल मुख्य गायक झाला. तोवर भारतातल्या रॉक बँडची रीत ठरलेली होती: डीप पर्पल, लेड झेपलिन यांची गाणी जितकी हुबेहूब वाजवाल तितकी टाळी मोठी. रॉक मशीनने आपली स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला आणि तो निभावला. 1988 साली 'रॉक एन रोल रेनेगेड', 1990 साली 'द सेकंड कमिंग' असे दोन अल्बम आले. त्या काळी इंग्रजी रॉकचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढणं म्हणजे केवढं धाडस होतं, हे आज फोनवर घरबसल्या गाणं प्रसिद्ध करणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही.

1991 नंतर स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आला आणि काही काळ सगळं मनासारखं घडलं. 1993 साली बँडने नाव बदललं. 'रॉक मशीन' हे कुठल्याही देशातलं नाव वाटे. 'इंडस क्रीड' या नव्या नावात सिंधू नदी होती. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

मग वारं फिरलं. 1994 साली एमटीव्ही स्टारपासून वेगळा झाला, त्याच्या जागी चॅनल व्ही आलं, आणि भारतीय प्रेक्षक हिंदीत धरायचा हे हळूहळू सगळ्यांनाच उमगलं. 1995 हे साल त्या दृष्टीने फार बोलकं आहे. त्या वर्षी 'इंडस क्रीड' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी अलिशा चिनॉयचा हिंदी पॉप अल्बम 'मेड इन इंडिया'ही. दुसऱ्याने देश व्यापला. मुंबईतल्या इंग्रजी रॉकला त्याच मुंबईत परकेपण आलं. 1997 साली इंडस क्रीड विसर्जित झाला.

मंडळी फुटणं मराठी रसिकाला नवीन नाही. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पण तिथे बाहेर पडणाऱ्यांच्या हाती संगीत नाटकाचा तोच बाज होता आणि त्याचा तयार प्रेक्षक होता. इंडस क्रीडमधून निघालेल्या दोघांपाशी यातलं काहीच नव्हतं.

ते दोघे म्हणजे उदय बेनेगल आणि जयेश गांधी. त्यांनी 'आम्स फॉर शांती' हे नाव घेतलं आणि न्यूयॉर्क गाठलं. 'कश्मकश' हा त्यांचा अल्बम. इंग्रजी रॉकची जुनी चौकट त्यांनी सोडली. भारतीय सूर-ताल गिटारच्या बरोबरीने आणून बसवले. मुंबईत असताना ज्यांनी इंग्रजीचा हट्ट सोडला नाही, त्यांना देशी सूर सापडला तो समुद्रापलीकडे गेल्यावर. यात बाजाराची चाल शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: बाजार तर ते मागे सोडून गेले होते. पाच-सहा जणांच्या बँडमध्ये प्रत्येक गाणं सगळ्यांच्या पसंतीला उतरावं लागतं. दोघेच असले की मनात वर्षानुवर्षं राहून गेलेली चाल बाहेर यायला वाट मिळते. 'इंडस' हे नाव घेताना जी ओढ होती, तिला या अल्बममध्ये मोकळी जागा मिळाली.

याच्या आधी काही वर्षं फुटलेल्या बँडमधल्या दोघांचा असाच एक अल्बम आला होता, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत पोचतो. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट 1972 साली मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबात त्यांनी वाजवलं आणि इथल्या वादकांना घेऊन आपल्याच 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' या गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. ते त्यांनी तेव्हा बाजूला ठेवलं. लोकांच्या कानी पडलं ते थेट 2015 साली. 1980 साली ड्रमर जॉन बोनम गेला आणि लेड झेपलिन संपला. त्यानंतर 14 वर्षांनी, 1994 साली, दोघांनी मिळून पहिला अल्बम काढला, 'नो क्वार्टर'. त्यात मोरोक्कोचे आणि इजिप्तचे वादक आले, एका गाण्यात नजमा अख्तरचा आवाज आला. मुंबईत अर्धवट राहिलेलं काम दोघांनी दुसऱ्या मातीत पुरं केलं, असंच ते ऐकताना वाटतं. जुना सोबती जॉन पॉल जोन्स याला मात्र त्यांनी बोलावलं नाही, आणि ते त्याला लागलं.

दोघांच्या अल्बममध्ये हा तिसरा नेहमीच असतो, वगळलेला.

मधल्या काळात रंगभवनही गप्प झालं. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र आखलं गेलं आणि झेवियर्सला लागून असलेल्या या रंगमंचावर ध्वनिक्षेपक लावणं अशक्य झालं. ध्वनीचा नियम योग्यच आहे, कॉलेजाच्या आणि रुग्णालयाच्या भिंतीशी ड्रम वाजू नयेत. पण रंगभवनाच्या तोडीची, लोकलने जाता येईल अशी, खिशाला परवडणारी उघडी जागा शहराने पुन्हा उभारली नाही. टिटवाळा, आसनगाव, बदलापूरच्या पोरांचं त्यात झालेलं नुकसान कुणी मोजलेलं नाही.

2010 साली इंडस क्रीड पुन्हा जमला. 2012 साली 'इव्हॉल्व्ह' आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर या इंग्रज निर्मात्याने केलं. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बलापोरिया. बेस आणि ड्रमवर रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नव्या पिढीचे दोघे. न्यूयॉर्कला गेलेल्या जोडीपैकी एकजण जुन्या मंडळीत परतला होता. जयेश गांधी त्या पाचांत नव्हता.