जाहीर नोटीस

स्मरणिकेसाठी 'जुन्या पनवेलवर काहीतरी लिही' असा निरोप आला, तेव्हा मी आधी वडाळे तळ्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण तळ्यावर आधीच तीन लेख आल्याचं कळलं. म्हणून हा दुसरा विषय. तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत, म्हणजे २००० च्या पावसाळ्यात, मी इथल्या एका छोट्या दैनिकात दोन महिने डीटीपीचं काम केलं. पुढची वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली. तरी चुकीला काय किंमत असते, हे मी त्या दोन महिन्यांत शिकले.

आमच्या घरी दोन पेपर यायचे, एक मुंबईचा आणि एक इथला. बाबा मुंबईचा पेपर पुढून वाचत आणि इथला मागून. मागच्या पानावर जाहीर नोटिसा असत: अमुक मौजे, तमुक सर्वे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र इतके, चतुःसीमा अशी, कोणाची हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल. मला लहानपणी हे भयंकर कंटाळवाणं वाटे. बाबा मात्र ते बोटाने ओळ धरून वाचत. पुढे कळलं, की आपल्या भागात पेपर वाचण्याचं मूळ कारणच जमीन आहे.

हे आजचं नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हापासूनचं आहे. अलिबागजवळच्या चरी आणि भोवतालच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ साली संप पुकारला. सहा वर्षं त्यांनी जमिनी कसल्याच नाहीत. त्या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील. संप चालू असतानाच, १९३७ साली, 'कृषीवल' निघाला. शेतकऱ्यांची बाजू छापायची तर पत्र आपलंच हवं, हा त्यामागचा हिशेब. 'कृषीवल' अजूनही अलिबागहून निघतो. म्हणजे रायगडातलं एक जुनं पत्र जन्मालाच आलं ते जमीन कोणाची या भांडणातून.

पनवेलला हे भांडण वेगळ्या रूपात आलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आपल्या वर्गात कामोठे, कळंबोली, खांदा, कोल्ही, कोपर इथून येणारी मुलं होती, त्यांच्या घरचीच ही गोष्ट. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. आपण तेव्हा बालवाडीत होतो. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना १९९० साली आली, त्यामागे हे पाच जण आहेत.

त्याच १९८४ साली, सप्टेंबरमध्ये, भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. जासईशी तिचा थेट संबंध नाही, ती साऱ्या देशासाठी होती. आधी संपादनाची अधिसूचना राजपत्रात छापून गावात नोटीस लावली की काम भागे. दुरुस्तीनंतर ती त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत देणं बंधनकारक झालं आणि त्यातलं एक तरी स्थानिक भाषेतलं हवं. प्रसिद्धीपासून तीस दिवसांत हरकत घ्यायची. म्हणजे पेपर वाचला नाही तर तीस दिवस हातातून जायचे. राजपत्र कोण वाचतं? बाबा मागच्या पानावर बोट का ठेवत, ते इथे आलं. आणि चार पानांची दैनिकं कशावर जगत, तेही. सरकारी जाहिराती, वकिलांच्या नोटिसा आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, एवढंच उत्पन्न. अंकाच्या किमतीत कागदसुद्धा सुटत नसे.

आमचं ऑफिस म्हणजे जिना चढून दीड खोली. एक टेलिफोन, दोन कॉम्प्युटर, पेजमेकर आणि श्रीलिपी. बातम्या हाताने लिहून येत. मी टाइप करायची, लेझर प्रिंट काढायची, पानं जोडून रात्री प्रेसला जायची. लाइट गेली की मेणबत्ती लावून प्रुफं वाचायची. संपादक सर स्वतः अग्रलेख लिहीत, फोन घेत आणि कमी पडला तर गठ्ठेही बांधत.

या पेपरवर लोकांचा विश्वास होता का? होता आणि नव्हताही. पहिल्या पानावरची राजकीय बातमी लोक हसत हसत वाचत. कोणता पेपर कोणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे, त्यामुळे बातमीतून किती वजा करायचं तेही ठाऊक. ज्या बिल्डरची अर्धं पान जाहिरात, त्याच्या इमारतीच्या गळतीची बातमी आम्ही कधी छापली नाही. मी एकदा विचारलं, तर सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पण निधन वार्ता, दहावीचा निकाल, पाणी कधी येणार नाही आणि जाहीर नोटीस, या चार गोष्टींत शंका घ्यायची नाही, असा वाचकाचा नियम होता. (निकालात गोंधळ होतच नसे असं नाही. आपल्याच बॅचच्या वेळी एकीच्या फोटोखाली दुसरीचं नाव छापून आलं होतं. दोघी आज या अंकात असतील, त्यांनी माफ करावं.) एकाच अंकाच्या एका पानावर अविश्वास आणि दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास, हे मला तेव्हा विचित्र वाटे. आज वाटत नाही. चूक झाली तर जिना चढून येऊन जाब विचारता येतो, अशा मजकुरावरच लोक विश्वास ठेवत होते.

जुलैत माझ्या हातून चूक झाली. वकिलांची नोटीस हाताने लिहिलेली होती. मराठी हस्ताक्षरात १ आणि ९ किती जवळचे असतात, तुम्हाला माहीत आहे. सर्वे नंबर ४१, हिस्सा २ होता. मी ४९ टाइप केला. प्रुफही मीच वाचलं, म्हणजे वाचलंच नाही.

दोन दिवसांनी भर पावसात एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या, सोबत सातवी-आठवीतला नातू. अंक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. नातवाने चहाच्या टपरीवर नोटीस वाचली होती आणि ४९/२ हे त्यांचं शेत होतं. नवरा वारलेला, दिराशी बोलणं बंद. त्या बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "पेपरान आलंय. म्हंजे इकली नं माजी जमीन?"

मला आधी कळलंच नाही, की त्या भांडायला आलेल्या नाहीत. त्या खात्री करून घ्यायला आल्या होत्या. पेपरात आलं म्हणजे झालंच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. सरांनी त्यांना खुर्ची दिली, फाइलमधून मूळ कागद काढला, नातवाला तो आकडा वाचायला लावला. मग वकिलांना फोन. ते चिडले, आणि बरोबरच होतं. ४१ चे जे खरे हिस्सेदार, त्यांना काही कळलंच नव्हतं आणि चौदा दिवसांतले दोन वाया गेले होते. पूर्ण नोटीस नव्याने, विनामूल्य छापायची आणि मुदत नव्या तारखेपासून मोजायची, असं ठरलं.

सर मला रागावले नाहीत. शुद्धिपत्रक तूच लिही म्हणाले. मी दोन ओळी लिहून एका कोपऱ्यात बसवल्या. त्यांनी पान परत दिलं. चूक जिथे छापली तिथेच, तेवढ्याच चौकटीत, तेवढ्याच टाइपात हवं. शिवाय नुसतं '४९ ऐवजी ४१ वाचावे' नको. '४९/२ या मिळकतीचा या व्यवहाराशी काहीही संबंध नाही' असं स्वच्छ वाक्य हवं. त्यासाठी एका वाढदिवसाची जाहिरात दुसऱ्या दिवसावर ढकलली. त्या ऑफिसात तसं घडलेलं मी एकदाच पाहिलं. आज आमच्याकडे चूक सापडली की आम्ही गुपचूप दुरुस्त करतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यात गैर काही नाही, पण मला तो कोपरा आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला तीन अंक देऊन सहा आसनी रिक्षाने त्या गावी पाठवलं. टपरीवर सात-आठ माणसं होती. बाई म्हणाल्या, मोठ्याने वाच. शाळेत परिपाठाला आपण बातम्या वाचायचो तशी मी उभी राहून ती नोटीस वाचली, सर्वे नंबरासकट. मराठीच्या बाई असत्या तर उच्चारांना नावं ठेवली असती. एक अंक टपरीवाल्याने ठेवला. एक बाईंनी पदराखाली घेतला. तिसरा त्यांनी नातवाच्या हातात देऊन त्याला दिराकडे पाठवलं आणि तो परत येईपर्यंत मला जाऊ दिलं नाही.

आता २०१३ चा कायदा आहे, हरकतीची मुदत साठ दिवसांची आहे आणि अधिसूचना संकेतस्थळावरही येते. दोन स्थानिक दैनिकांची अट मात्र तशीच आहे. विमानतळासाठी आपल्या मित्रांची कोल्ही, कोपर ही गावं उठली. नैनाचा आराखडा पुढच्या गावांवर आला आहे. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. इथला पेपर व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन येतो, तो त्यांना चालत नाही, कागदच लागतो. रविवारी मी गेले की ते मागचं पान माझ्यापुढे करतात आणि विचारतात, "हा एक आहे की नऊ?"