जात सांगितली, तरी दार उघडेना

19 फेब्रुवारी 1923, सोमवार. तुम्ही वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये बसला आहात. सर्वोच्च न्यायालयाला अजून स्वतःची इमारत नाही. सिनेटनं सोडलेल्या जुन्या अर्धगोल दालनात ते भरतं. न्यायमूर्तींच्या मागे संगमरवरी खांब, वर सोनेरी गरुड. आजूबाजूचे लोक तुमच्याकडे वळून बघतील, बघू द्या. इथं भारतातून आलेला प्रत्येक जण ‘हिंदू’. शीख असला तरी हिंदू, पठाण असला तरी हिंदू.

ज्याचा निकाल ऐकायला आलात, तो भगतसिंग थिंडही शीखच. 1913 साली पंजाबातून आला, ओरेगनच्या लाकूड कापायच्या गिरण्यांत राबला, 1918 मध्ये अमेरिकी लष्करात पगडीसह भरती होऊन सार्जंट झाला. त्याच डिसेंबरात नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. 1920 मध्ये ओरेगनच्या न्यायालयानं ते पुन्हा दिलं, तर सरकार वर गेलं. अडचण 1790 च्या कायद्याची: परदेशातून आलेल्यांत नागरिक होईल तो फक्त ‘मुक्त गोरा’. 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही वाट मिळाली. मधले सगळे लटकले.

निकालाआधी पाच-सहा आठवडे मागे चला, सुनावणीकडे. थिंडच्या बाजूचा लेखी युक्तिवाद उघडा. कायदाच अन्यायाचा आहे असं त्यात असेल, ही तुमची अपेक्षा. छे! आम्ही आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे. त्यातही उच्च जातीचे. बेटीव्यवहाराचे नियम एवढे कडक, की रक्तात भेसळ नाही. पुढे तर कहर आहे. लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे बघतो! परक्या न्यायाधीशापुढे मिरवायला आपल्याकडचं नेमकं हेच सापडलं. सातच वर्षांपूर्वी, मे 1916 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यानं निबंध वाचला होता, की जातीबाहेर लग्न न करणं हाच जातिसंस्थेचा गाभा. त्यांनी रोगाचं मूळ म्हणून जिथं बोट ठेवलं, तेच इथं वंशशुद्धीचा दाखला म्हणून जोडलंय.

आता पुन्हा फेब्रुवारी. न्या. जॉर्ज सदरलँड निकाल सांगताहेत. तीन महिन्यांपूर्वी यांनीच जपानी ताकाओ ओझावाला नागरिकत्व नाकारलं होतं. कातडी कितीही उजळ असो, गोरा म्हणजे कॉकेशियन, असं तेव्हा म्हणाले होते. आता ‘मी कॉकेशियन’ म्हणणाराच समोर उभा राहिला, तर शास्त्र बासनात गेलं. आर्य हा भाषांचा विषय, रक्ताचा नव्हे, असं सदरलँड सांगतात. (एवढं मात्र त्यांचं बरोबर आहे.) कायद्यातला शब्द सामान्य माणसाला समजतो तोच खरा, आणि सामान्य माणसाच्या लेखी हिंदू गोरा नाही. वर पुस्ती: आम्ही कुणाला कमी लेखत नाही, फक्त वेगळेपण नोंदवतो. ही पुस्ती तुम्ही मुंबईतही ऐकली असेल. एकाही न्यायमूर्तीचं वेगळं मत नाही.

सामान्य अमेरिकनाला काय वाटतं हे सांगणारे सदरलँड स्वतः 1862 साली इंग्लंडात जन्मले. तान्हे असतानाच आईवडिलांनी त्यांना युटाला आणलं. त्यांना कुणी रक्ताचा हिशेब मागितला नाही.

तिथून थेट कॅलिफोर्नियाला या. नागरिक व्हायला अपात्र असलेल्यांना इथं शेतजमीन घेता येत नाही. इंपीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरी आता या फासात अडकले. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही सरकार काढून घेऊ लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांचं गेलं. दुकान विकावं लागलं, मायदेशी जायला अमेरिकी पासपोर्ट मिळेना. 1928 मध्ये त्यांनी जीव दिला. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित मात्र जिंकले. 1914 मध्ये मिळालेल्या नागरिकत्वावर सरकारनं वेळेत अपील केलं नव्हतं, आता ते उकरून काढता येणार नाही, असं अपील न्यायालयानं 1926 मध्ये ठरवलं. रक्त, आर्य, जात यांतलं काहीच कामी आलं नाही. कामी आला कायद्याचा साधा नियम.

थिंडलाही अखेर नागरिकत्व मिळालं ते महायुद्धातल्या सैनिकांसाठी 1935 मध्ये झालेल्या कायद्यामुळे. बाकी भारतीयांना 1946 पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही भारताच्या वाट्याला आले वर्षाला जेमतेम 100 जण.

तिकडे स्थायिक झालेला तुमचा भाचा किंवा मावसभाऊ पुढच्या फोनवर म्हणाला, की ‘आमची गोष्ट वेगळी, हे नवे येणारे लोक वेगळे’, तर वाद घालत बसू नका. थिंडच्या वकिलांचा तो युक्तिवाद त्याला वाचायला पाठवा.