लॉर्ड्सवरून परत पाठविलेला खेळाडू

नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरठी हें गांव आहे. तेथील स्थानकाला नांव मात्र गांवाचें नाहीं. भंडारा शहर जवळ, म्हणून तें ‘भंडारा रोड’. १९३६ च्या उन्हाळ्यांत अशा गांवांना विलायतेंतील क्रिकेटची सविस्तर हकीकत मिळे ती आगगाडीनें येणाऱ्या वर्तमानपत्रांतून. या भागांतील वाचकांना त्या दौऱ्याविषयीं आस्था वाटावी असें एक खास कारणहि होतें. पुढें कर्नल म्हणून प्रसिद्ध झालेले सी. के. नायडू हे नागपूरचे. १८९५ सालीं तेथें जन्मलेला हा पुरुष १९३२ मध्यें हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार झाला होता. १९३६ सालीं मात्र नायडू संघांत होते आणि कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे होतें.

महाराजकुमार क्रिकेटचे मोठे आश्रयदाते होते. आश्रय देणें आणि संघ चालविणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें त्या काळच्या मंडळाला उमगलें नाहीं असें नव्हे. पण संस्थानी वजनापुढें तें बोलावें कोणीं? त्या दौऱ्यांतील तीन कसोटी सामन्यांत मिळून कर्णधारांच्या धांवा झाल्या ३३. संघांत तट पडले होते. नायडूंशीं सलगी ठेवणाराकडे संशयानें पाहिलें जाई.

अशा संघांत लाला अमरनाथ होते. वय अवघें चोवीस; मुंबईस १९३३ सालीं पहिल्याच कसोटींत ११८ धांवा काढून हिंदुस्थानचें पहिलें कसोटी शतक त्यांनीं नोंदविलें होतें. या दौऱ्यांतहि एसेक्सविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें ठोकलीं, आणि गोलंदाजींतहि ते संघाचे आधार होते. जीभ मात्र त्यांना आंवरतां येत नसे, हें त्यांचे चाहतेहि नाकारीत नाहींत.

जूनमध्यें लॉर्ड्सवर मायनर कौंटीज संघाशीं सामना चालू होता. अमरनाथांची पाठ दुखावली होती. पायाला पॅड बांधून ते आपल्या पाळीची वाट पाहत बसले. पण कर्णधार एकामागून एक दुसऱ्याच फलंदाजांना पुढें पाठवीत राहिले. दिवस संपण्यास थोडाच अवकाश उरला असतां त्यांना खेळावयास धाडण्यांत आलें. परत आल्यावर त्यांनीं पोशाखाच्या खोलींत आपलें सामान आदळलें आणि पंजाबींत रागाचे कांहीं शब्द काढले. घडलें तें एवढेंच. कर्णधार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनीं त्यांना स्वदेशीं परत पाठविण्याचा निर्णय घेतला. संघांतील वडीलधाऱ्या खेळाडूंनीं रदबदली केली, स्वतः अमरनाथांनीं दिलगिरी दर्शविली. उपयोग झाला नाहीं. पहिल्या कसोटीपूर्वींच ‘कैसर-इ-हिंद’ बोटीनें ते निघाले.

येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. खेळाडूची चूक मुळींच नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. वडिलांदेखत सामान आदळणें ही कोठल्याहि घरांत बेअदबीच. पण फिर्याद करणारा कर्णधार, साक्षीदार कर्णधार आणि निकाल देणाराहि व्यवस्थापकासह कर्णधारच! आरोपीला लेखी आरोप नाहीं, आपली बाजू मांडण्यास तिऱ्हाईत माणूस नाहीं. बाहेर सांगितलें गेलें तें ‘बेशिस्त’ एवढ्या एका शब्दांत. हा शब्द मोठा सोयीचा असतो. त्यांत उद्धटपणा बसतो, मद्यपान बसतें आणि त्याहून वाईट गोष्टीहि ऐकणाराला हव्या तशा बसवितां येतात. खुलासा न झाल्यानें खेळाडूची अब्रू झाकली जाते हा समज खरा नव्हे. पुष्कळदां तीच अधिक उघड्यावर पडते.

तिकडे २७ जूनला लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली. अमरसिंगांनीं सहा बळी घेऊन इंग्लंडचा डाव १३४ धांवांत गुंडाळला. हिंदुस्थानला १३ धांवांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावांत मात्र सगळा संघ ९३ धांवांत बाद झाला आणि सामना नऊ गड्यांनीं गेला. घरीं पाठविलेला अष्टपैलू खेळाडू त्या दिवशीं कोठें हवा होता, हें सांगावयास जाणकार लागत नव्हता.

देशांत गवगवा झाला. अखेर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या नांवानें ओळखली जाणारी चौकशी समिती नेमली गेली आणि १९३७ च्या जानेवारींत तिचा अहवाल बाहेर पडला. व्यवस्थापकांनीं अमरनाथांवर अश्लील भाषेचे आणि स्त्रियांसंबंधींचे जे आक्षेप घेतले होते ते समितीला खरे वाटले नाहींत. खेळाडू निर्दोष ठरला. उलट कर्णधारांना क्षेत्ररचना व गोलंदाजींतील बदल समजत नव्हते, फलंदाजीचा क्रम ठरलेला नव्हता आणि चांगले खेळाडू आठवडेच्या आठवडे बसून राहिले, असा ठपका त्यांच्यावर आला. चौकशी सुरू झाली खेळाडूच्या वर्तनापासून आणि पोंचली कारभाऱ्यांपर्यंत. ब्रिटिश अमदानींत एका महाराजकुमाराविषयीं असें लेखी यावें आणि तें लोकांनीं वाचावें, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढच्या काळांतील मोठमोठ्या संस्थांना एवढेंहि साधलेलें दिसत नाहीं. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉल हा कोट्यवधि डॉलरांचा उद्योग आहे. टेक्सस प्रांतांतील बेलर विद्यापीठांत फुटबॉल खेळाडूंवर विद्यार्थिनींवरील अत्याचाराचे आरोप झाले, तेव्हां विद्यापीठानें एक वकिलांची पेढी चौकशीस नेमली. २०१६ सालीं पेढीनें आपले निष्कर्ष विश्वस्तांना तोंडी सांगितले. पूर्ण लेखी अहवाल झालाच नाहीं. लोकांच्या हातीं पडला तो तेरा पृष्ठांचा सारांश. मुख्य प्रशिक्षकाला काढलें, अध्यक्षांचेंहि पद गेलें. पण कोणत्या प्रसंगीं कोणीं काय दडपलें, हें त्या सारांशावरून कळण्याजोगें नव्हतें. पीडित मुलींचीं नांवें झांकणें योग्यच होय. परंतु त्या पडद्याआड कारभारीहि उभे राहतात, ही खरी अडचण आहे.

आपल्याकडेहि तेंच. २००० सालीं सामनेनिश्चितीचें प्रकरण उघड झालें, तेव्हां केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल नोव्हेंबरांत सरकारनें प्रसिद्ध केला आणि डिसेंबरांत मंडळानें महंमद अझरुद्दीन यांच्यावर आजन्म बंदी घातली. ती बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानें २०१२ सालीं बेकायदा ठरविली. तोंवर त्यांचें खेळण्याचें वय सरलें होतें. २०१३ मध्यें आयपीएलच्या प्रकरणीं मंडळानें स्वतःच्याच चौकशीसाठीं दोन निवृत्त न्यायमूर्ति नेमले. मुंबई उच्च न्यायालयानें ती नेमणूकच बेकायदा ठरविली. ज्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एके काळीं बोमाँट होते, तेंच हें न्यायालय. पुढें सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या मुद्गल समितीनें २०१४ सालीं अहवाल दिला, आणि कांहीं नांवें मोहोरबंद लिफाफ्यांत घालून सादर केलीं. लिफाफा मोहोरबंद असला कीं तर्काला ऊत येतो. त्या वेळींहि तो आलाच.

अमरनाथांच्या निर्दोषतेचा निर्णय लवकर आला आणि छापून आला, तरी त्याचा त्यांना मैदानांत लाभ किती झाला? १९३६ चा दौरा संपल्यावर हिंदुस्थानला पुढील दहा वर्षें एकहि कसोटी सामना मिळाला नाहीं. मध्यें महायुद्ध आलें. चोविसाव्या वर्षीं हुकलेली कसोटी खेळावयास मिळाली ती चौतिसाव्या वर्षीं. १९४६ सालीं ते पुन्हां इंग्लंडांत उतरले. पहिली कसोटी लॉर्ड्सवरच होती, आणि तिच्या पहिल्या डावांत त्यांनीं इंग्लंडचे पांच गडी बाद केले. दुसऱ्या वर्षीं स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला संघ ऑस्ट्रेलियास गेला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. १९४९ सालीं मंडळानें त्यांना पुन्हां एकदां निलंबित केलें. कारण तेंच दिलें होतें: बेशिस्त.